चौदा वर्षं झाली, माझा भाऊ कधी सुटेल?

मागच्या अंकात मी मुलाखतीच्या, म्हणजे कैद्यांना भेटण्याच्या, दिवशी कारागृहाच्या फाटकापाशी रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर आलेली पत्रं जवळजवळ सगळी एकाच विषयावरची आहेत: जन्मठेपेचा कैदी मुदतीआधी कसा सुटतो, त्याने सुटावं का, आणि सुटल्यावर काय. त्यातली चार इथे घेते. नावं-गावं गाळली आहेत, मजकूर थोडा आटोपता केला आहे. मी वकील नाही. २६ वर्षं कारागृहांत समाजकार्यकर्ती म्हणून काम केलं. त्या निमित्ताने कैद्यांच्या घरी गेले, आणि ज्यांच्या घरातलं माणूस मारलं गेलं त्यांच्याही घरी गेले. माझी उत्तरं त्या फेऱ्यांमधून आलेली आहेत.

*

ताई, सप्रेम नमस्कार. माझा धाकटा भाऊ जून २००६ मध्ये पकडला गेला. बांधावरून चुलतभावाशी भांडण झालं, कुऱ्हाडीचा घाव वर्मी बसला. २००७ मध्ये जन्मठेप लागली. हायकोर्टातही काही झालं नाही. चौदा वर्षं भरली की सोडतात असं सगळे सांगायचे. आम्ही भिंतीवर दरवर्षी खडूची एक रेघ ओढली. आता एकोणीस होऊन गेली. आई ८१ वर्षांची आहे, तिला ऐकूही येत नाही, पण गाडी थांबली की दाराकडे बघते. कार्यालयात दोनदा जाऊन आले, ‘फाइल वर गेली आहे’ एवढंच सांगतात. एक वकील चाळीस हजार मागतो. चौदाचा हिशेब खरा की खोटा?
— एक बहीण, सोलापूर जिल्हा

ताई, चौदाचा आकडा कायद्यात आहे, पण लोक समजतात तसा नाही. जन्मठेप म्हणजे जन्मभराची कैद. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६१ मध्येच गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणात सांगितलं. सूट, म्हणजे शिक्षेतून कमी होणारे दिवस, धरून आपली वीस वर्षं भरली, आता सोडा, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मान्य झालं नाही. चौदा आलं ते १९७८ मध्ये, फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३-अ घातलं तेव्हा. ज्या गुन्ह्याला फाशीसुद्धा होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्या माणसाला प्रत्यक्ष चौदा वर्षं आत काढल्याशिवाय सरकारने सोडायचं नाही, असं ते कलम सांगतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम ४७५ आहे. म्हणजे चौदा वर्षांच्या आधी विचारच करता येत नाही. चौदानंतर सोडलंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. तुमच्या घरातल्या त्या खडूच्या रेघा मी डोळ्यांसमोर आणू शकते, कारण अशा रेघा मी इतर घरांतही पाहिल्या आहेत, आणि प्रत्येक घरात पंधराव्या वर्षी कोणीतरी अंथरूण धरलेलं असतं.

चौदाच्या पुढे येते ती ‘कॅटेगरी’. कारागृहात हाच शब्द आहे. मुलाखतीला गेलात की भाऊ म्हणेल, ‘मला अमुकची कॅटेगरी लागली.’ महाराष्ट्र सरकारने वेळोवेळी शासन निर्णय काढून खुनाचे प्रवर्ग पाडले आहेत. खून रागाच्या भरात झाला की ठरवून, एकट्याने की टोळीने, किती क्रूरपणे, बाईचा की लहान मुलाचा, आधीचे गुन्हे आहेत का, यावरून वीस, बावीस, चोवीस, सव्वीस आणि त्याहूनही जास्त वर्षं ठरतात. ही वर्षं मिळालेली सूट धरून मोजायची असतात. ज्या दिवशी शिक्षा झाली त्या दिवशीचं धोरण लागू होतं, आणि नंतरचं धोरण अधिक उदार असेल तर त्याचा फायदा कैद्याला मिळतो. तुमच्या भावाची शिक्षा २००७ ची आहे. त्यामुळे त्याला १९९२ चे नियम लावले की २०१० चे, हे लेखी विचारा. त्यात दोन-चार वर्षांचा फरक पडू शकतो.

बावीसची कॅटेगरी लागली असेल तर प्रत्यक्ष एकोणीस आणि सूट तीन, झाले बावीस, असं तुम्हाला वाटेल. यात पॅरोल वजा करायला विसरू नका. फर्लो, म्हणजे संचित रजा, शिक्षेत धरली जाते. पॅरोल, म्हणजे अभिवचन रजा, धरली जात नाही. करोनाच्या काळात मे २०२० पासून कैद्यांना आकस्मिक पॅरोलवर घरी पाठवलं होतं. कितीतरी जण वर्ष-दोन वर्षं घरी राहिले, आणि परत गेल्यावर त्यांना कळलं की तेवढाच काळ शिक्षा पुढे सरकली आहे. गोव्यातल्या कैद्यांच्या प्रकरणात जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं, चौदा वर्षं मोजताना पॅरोलचे दिवस धरायचे नाहीत. तुमचा भाऊ त्या काळात घरी आला होता का, हे पत्रात नाही. आला असेल तर ते दिवस आधी बाजूला काढा.

आता करायचं काय. कारागृहाकडून त्याचा नॉमिनल रोल मागा. अटक कधी, प्रत्यक्ष किती वर्षं, सूट किती, पॅरोल किती, उशिरा परतल्याची शिक्षा आहे का, सगळं त्या एका कागदावर असतं. ‘फाइल वर गेली’ या उत्तरावर परत फिरू नका. कारागृहाचे अधीक्षक, पोलीस, जिल्हाधिकारी, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत, सल्लागार मंडळ, पुण्याचं कारागृह मुख्यालय आणि मग मंत्रालयातला गृह विभाग, इतकी ठिकाणं आहेत. कुठल्या तारखेला कुठल्या कार्यालयात गेली, असा नेमका प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तर तीस दिवसांत यायला हवं. चाळीस हजार कोणालाही देऊ नका. कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, तो त्याचा कायद्याने हक्क आहे. आणखी एक. १८ फेब्रुवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की राज्याचं सुटकेचं धोरण असेल तर पात्र झालेल्या कैद्याचा विचार सरकारने आपणहून करायचा, त्याने अर्ज करण्याची वाट बघायची नाही. अर्जात हा उल्लेख करा.

फायली बहुतेक वेळा अडतात त्या पोलिसांच्या अहवालावर. ‘सुटल्यास गावात शांतता व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ हे वाक्य मी इतक्या गावांच्या नावापुढे वाचलं आहे की ते मला पाठ आहे. एकदा असाच अहवाल आलेल्या मराठवाड्यातल्या एका गावी मी स्वतः गेले. ज्याचा खून झाला त्याची बायको-मुलं नऊ वर्षांपूर्वीच पोट भरायला पुण्याला गेली होती. मागे होती ती फक्त त्याची म्हातारी चुलती. ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी विचारलं तेव्हा तिने हात थांबवला नाही. बराच वेळ टरफलांचाच आवाज. मग म्हणाली, ‘येऊ दे. पण आमच्या विहिरीवर नको.’ मी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं, माझ्या अहवालात दिलं. तो माणूस सुटला, आणि जिवंत होता तोवर दुसऱ्या वाटेने पाण्याला गेला. त्या गावाबद्दल आलेल्या कुठल्याही सरकारी कागदापेक्षा त्या म्हातारीला जास्त कळत होतं.

म्हणून ताई, तुम्हाला एक विनंती. चुलतभावाच्या घरी ‘ना हरकत’ लिहून घ्यायला जाऊ नका. पंच पाठवू नका, पाहुण्यांकरवी निरोप धाडू नका. त्यांचं म्हणणं पोलिसांनी घ्यावं, तुम्ही नाही. तुम्ही करण्यासारखं एकच आहे आणि त्याला वजन आहे. भाऊ सुटल्यावर तुमच्याकडे, तुमच्या सासरच्या गावी राहील, कुठलं काम करेल, जबाबदारी कोणाची, याचं प्रतिज्ञापत्र करून द्या. ज्या बांधावर रक्त सांडलं तिथे तो पहिल्या दिवशी परतणार नाही, हे कागदावर दिसलं की शांततेचा प्रश्न निम्मा होतो. आईला त्याच्याकडे आणता येईल.

*

मावशी, माझे वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते, आता सव्वीस. मारणारा आमच्याच गल्लीतला. गेल्या दिवाळीत तो फर्लोवर आला होता, आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मी किराणा दुकानात तेल घेत होते. बाजूला उभा असलेला माणूस म्हणाला, ‘किती मोठी झालीस गं.’ मी वर बघितलं. मला घरी येऊन उलटी झाली. आता तो कायमचा सुटणार असं ऐकते. आई रात्री दाराला दोन कड्या लावून वर पाट टेकवते. तुम्ही नेहमी कैद्यांच्या बाजूने लिहिता. आमच्या बाजूने कोण? माफ करा असं सांगणार असाल तर उत्तर देऊ नका.
— एक मुलगी

तू माझ्या भाचीच्या वयाची आहेस म्हणून एकेरीत लिहिते. माफ कर असं मी तुला सांगणार नाही.

पूर्वी सांगितलं आहे. तुला नाही, तुझ्या आईसारख्या एका बाईला. मी कामाला लागून तीन-चार वर्षं झाली होती. तिच्या नवऱ्याला मारणारा माणूस आत खरंच बदलला होता, मला त्याची तळमळ होती, आणि मी तिच्या घरी बसून म्हणाले, ‘वहिनी, मन मोठं करा.’ ती काही बोलली नाही. उठली, चहा केला, माझ्यापुढे ठेवला, आणि मी पिईपर्यंत समोर उभी राहिली. तिला मला हाकलून द्यायचं होतं आणि दारी आलेल्या पाहुणीला हाकलता येत नव्हतं. हे मला कळायला फार वर्षं लागली. तोवर ती गेली होती. तिची माफी मागायची राहिली.

आपल्या भाषेने यात एक घोळ घातला आहे. शिक्षेतून दिवस कमी होतात त्याला कारागृहात ‘माफी’ म्हणतात. ‘या वर्षी किती माफी पडली?’ असं कैदी एकमेकांना विचारतात. राज्यपालांकडे जातो तो ‘दयेचा अर्ज’. त्यामुळे वाटतं की सरकारने माफ केलं, म्हणजे सगळ्यांनीच केलं, आणि न करणारे कोत्या मनाचे. तसं नाही. सरकार त्या माणसाची उरलेली कैद सोडून देतं, कारण ती कैद सरकारने दिलेली असते. तुझ्या वडिलांचा जीव सरकारचा नव्हता. त्याबद्दलची माफी तुझ्या आणि तुझ्या आईच्या हातातली गोष्ट आहे. ती कधीच दिली नाहीत तरी तुम्ही कोणाचंही काही देणं लागत नाही.

आणि तरीही मी मुदतपूर्व सुटकेच्या बाजूची आहे. तुझ्यापासून हे लपवलं तर या उत्तराला काही अर्थ राहणार नाही. चोविसाव्या वर्षी आत आलेला आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी समोर बसलेला माणूस एकच नसतो, हे मी पुष्कळ वेळा बघितलं आहे. नेहमी नाही. काही जण आत येताना होते तसेच बाहेर गेले, काही त्याहून वाईट झाले. त्यासाठीच प्रत्येकाला वेगळं बघायचं असतं.

दुकानात तो जे बोलला त्यावर मी दोन रात्री विचार केला. त्याला तुला घाबरवायचं होतं की नाही, मला ठाऊक नाही. पण वीस वर्षांत त्याला तुझ्यासमोर कसं उभं राहायचं, किंवा तू दिसलीस तर दुकानातून निमूटपणे कसं बाहेर पडायचं, हे कोणीही शिकवलं नसणार, एवढं मी खात्रीने सांगते. आम्ही कैद्यांना सुतारकाम शिकवलं, शिवण शिकवलं, योगासनं घेतली, भजनं बसवली. ज्यांचं माणूस मारलं त्यांची नजर कशी झेलायची, यासाठी कोणाला तासभर समोर बसवलेलं मी २६ वर्षांत पाहिलं नाही. मीही बसवलं नाही. पुनर्वसनात हे यायलाच हवं होतं.

आता तुझ्या हातात काय आहे ते. पोलीस ठाण्याला, कारागृह अधीक्षकांना आणि गृह विभागाला एकच पत्र लिही, तिन्हीकडची पोच घे. त्यात लिही की सुटकेच्या अहवालाआधी माझा आणि आईचा जबाब नोंदवावा. रजेवर सोडण्याआधी आम्हाला कळवावं. सुटका झालीच तर आमच्या गल्लीत राहू नये, आमच्या घरापाशी येऊ नये अशी अट घालावी. दिवाळीतला प्रसंग तारखेसह लिही, किराणा दुकानदाराला आठवत असेल तर त्याचं नाव दे. सुटका सशर्त असते. अट मोडली तर ती रद्द करून माणसाला परत आत नेता येतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अटी वाजवी हव्यात आणि रद्द करण्याआधी कैद्याचं म्हणणं ऐकायला हवं. ‘आमच्या गल्लीत नको’ ही अट कोणालाही वाजवी वाटेल.

सुटकेचा आदेश निघाला म्हणून सगळं संपलं असं समजू नकोस. बिल्किस बानो यांच्या प्रकरणातले, २००२ च्या गुजरात दंगलीतल्या सामूहिक बलात्कार आणि खुनांसाठी जन्मठेप झालेले, अकरा जण १५ ऑगस्ट २०२२ ला गोध्र्यातून सुटले होते. त्या स्वतः न्यायालयात गेल्या. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. खटला मुंबईत चालून शिक्षा मुंबईत झाली होती, म्हणून निर्णय घेण्याचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता, गुजरातचा नाही, असं न्यायालय म्हणालं. त्याच महिन्यात ते परत कारागृहात गेले. तुला वकिलाची गरज पडली तर विधी सेवा प्राधिकरण स्त्रियांना उत्पन्न न बघता फुकट वकील देतं. कैद्याला मिळतो तसाच तुलाही.

पत्राची पोच मिळाली की ती आईला दाखव. कड्या दोन लावू दे. कोणी तिला ‘आता किती दिवस घाबरणार’ असं म्हणू नये एवढं तू बघ.

*

महोदया, मी सहकारी बँकेतून निवृत्त झालेला अधिकारी. बलात्कार-खुनातल्या गुन्हेगारांचं हार घालून स्वागत झालेलं आपण सर्वांनी पाहिलं. वशिला असलेले सुटतात, बाकीचे सडतात. मग दयेची ही पद्धतच बंद का करू नये? करदात्याने हे ओझं का वाहावं?
— एक वाचक, ठाणे

साहेब, त्या हारांनी मलाही तुमच्याइतकंच दुखावलं. सुटलेल्या माणसाने मान खाली घालून घरी जावं, आणि त्याच्या माणसांनी ती खालीच राहू द्यावी.

पण वशिल्यावर उपाय म्हणून दारच बंद केलं तर वशिलेवाले दुसरीकडून जातील आणि बाकीचे आत मरतील. निर्णय कसा घ्यायचा हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली लक्ष्मण नस्कर प्रकरणात सांगून ठेवलं आहे. गुन्हा त्या माणसांपुरता होता की सगळ्या समाजाला त्याची झळ लागली? तो पुन्हा करेल असं वाटतं का? तशी कुवत त्याच्यात उरली आहे का? आणखी आत ठेवून काही साधणार आहे का? घरची परिस्थिती काय आहे? या पाच प्रश्नांची उत्तरं कारणांसह लिहिली गेली तर वशिल्याला लपायला जागा कमी राहते. अडचण अशी की उत्तरं भरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तो माणूस कधी पाहिलेलाच नसतो.

ओझ्याबद्दल. तुम्ही बँकेतले आहात म्हणून सांगते. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ ला येरवड्यात ‘जिव्हाळा’ नावाची कर्ज योजना सुरू केली. शिक्षा भोगत असलेल्या कैद्याला ७ टक्के व्याजाने ५० हजारांपर्यंत कर्ज. तारण काही नाही, फेड त्याच्या कारागृहातल्या मजुरीतून. मुलीची फी, आईचं आजारपण, घराचं छप्पर यासाठी हे पैसे घरी जातात. हप्ता कापून घेऊन हातात थोडंच राहतं, तरी घरी काहीतरी पाठवलं हे सांगताना माणूस ताठ बसतो.

आणि एकदा आटपाडीला जाऊन या. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाचे राजे पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये, मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरच्या कल्पनेवरून ही कैद्यांची खुली वसाहत वसवली. भिंत नाही. कैदी बायकामुलांसह राहतात, शेती करतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एका घरात पाणी प्यायला थांबले. दाराशेजारी खुंटीला कोयता टांगलेला होता, नुकताच धार लावलेला. घरातला माणूस खुनाच्या शिक्षेतला. त्याची मुलगी त्याच कोयत्याखाली पाटी-दप्तर ठेवून खेळायला पळाली. मी कोयत्याकडे बघते आहे हे त्याच्या लक्षात आलं. तो म्हणाला, ‘ऊस तोडणीला जायचंय, बाई.’ हे सगळं एका संस्थानाने ८० पेक्षा जास्त वर्षांपूर्वी करून दाखवलं. त्या एका वसाहतीच्या दहा व्हायला हव्या होत्या.

*

ताई, १८ वर्षं ४ महिने काढून गेल्या मे महिन्यात सुटलो. वय ५४. आत सुतारकाम शिकलो, कोर्टाची टेबलं-खुर्च्या केल्या. रंधा हातात आला की मन शांत व्हायचं. बाहेर हत्यारं नाहीत, ओळख नाही. हॉटेलात भांडी घासायला राहिलो, चौथ्या दिवशी मालकाला कळलं, पगार देऊन काढलं. रेशनकार्डावरून नाव उडालेलं. मुलगा बावीसचा, मी गेलो तेव्हा चारचा होता. एका ताटाच्या अंतरावर जेवतो, पण बोलत नाही. खरं सांगून काम मागू की लपवून?
— जळगाव जिल्हा

दादा, खरं सांगून. पण सगळ्यांना नाही आणि सगळं नाही. जो काम देणार आहे त्या एकाला, पहिल्याच भेटीत, दोन वाक्यांत: ‘खुनाच्या गुन्ह्यात मला जन्मठेप झाली होती, सरकारने सोडलं, सुटकेचा कागद हा. सुतारकाम येतं, एक दिवस करून दाखवतो.’ मग गप्प बसा. भांडण कोणाचं, चूक कोणाची, हे तिथे काढू नका. दहांपैकी आठ जण नाही म्हणतील. हो म्हणणारा चौथ्या दिवशी काढणार नाही. तुमच्या हॉटेलमालकाने कामाला नाव ठेवलं नाही, पगारही दिला. त्याला राग आला तो दुसऱ्याकडून कळल्याचा, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं.

लपवून चालणारही नाही, कारण अंगाला लागलेल्या सवयी आपोआप बोलतात. एकाला मी स्वतः फाटकापासून एसटी स्टँडपर्यंत सोडायला गेले होते. त्याला इतक्या वर्षांत जामीन राहायला कोणी नसल्याने एकदाही पॅरोल मिळालेला नव्हता. गाडी लागली, कंडक्टर खाली उभा राहून बोटाने माणसं मोजायला लागला. हा माझ्या शेजारी होता तो दिसेना. बघते तर खाली उकिडवा बसलेला, हात गुडघ्यांवर, शेजारी जोडीची जागा मोकळी सोडून. कारागृहात कैदी मोजतात त्या गिनतीला बसतात तसा. मी हात धरून उठवलं. त्याने कोणाकडे बघितलं नाही, मीही काही बोलले नाही. तुमच्याही अंगात असं काहीतरी असेल. ते घरच्यांना सांगून टाका, म्हणजे ते दिसल्यावर त्यांना भीती वाटणार नाही.

हत्यारांचं बघू. १७ सप्टेंबर २०२३ पासून केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना आहे. अठरा पारंपरिक धंदे त्यात आहेत, सुतार त्यात आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५ हजार, आणि पुढे ५ टक्के व्याजाने आधी एक लाखापर्यंत कर्ज. नोंदणी सीएससी, म्हणजे सामाईक सेवा केंद्रात, आधार दाखवून होते, पण पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत असते. म्हणजे सरपंचांना भेटावंच लागेल. त्यांनाही तीच दोन वाक्यं सांगा. तोवर कारागृहाच्या खात्यातल्या मजुरीचे पैसे शिल्लक असतील तर त्यातून रंधा, करवत, पटाशी आणि गुण्या एवढंच घ्या. जुन्या बाजारात मिळतं. गावात पावसाने फुगलेली दारं भरपूर असतात, तिथून सुरुवात होते.

त्याआधी रेशनकार्ड. तहसील कार्यालयात पुरवठा शाखेत नाव परत घालण्याचा अर्ज द्या, सोबत सुटकेचा दाखला आणि आधार जोडा. मतदार यादीतलं नावही बघून घ्या. शिक्षेत असताना मत देता येत नव्हतं, आता येतं.

मुलाबद्दल. तुम्ही गेलात तेव्हा तो चार वर्षांचा होता, आणि शाळेत त्याला काय काय ऐकावं लागलं असेल ते तुम्ही तिथे नव्हता म्हणून तुम्हाला माहीत नाही. त्याला उपदेश करू नका, धंद्याबद्दल नको, मित्रांबद्दल नको, व्यसनाबद्दलही इतक्यात नको. त्याला ‘बाबा’ म्हणायला लावू नका. त्याच्याकडून काहीतरी मागा, जे त्याला येतं आणि तुम्हाला येत नाही. मोबाईलवरून पैसे कसे भरायचे ते शिकव म्हणा. पहिल्यांदा तो मान हलवून उठून जाईल. चार दिवसांनी परत विचारा. शिकवताना चिडेल, बटणं भराभर दाबेल, तुम्ही ‘पुन्हा एकदा दाखव’ म्हणा.

तहसीलमध्ये अर्जाची पोच मिळाली की तिचा फोटो काढून मासिकाच्या नंबरवर मला पाठवा. कसा पाठवायचा तेही त्यालाच विचारा.